पोहत परदेशी (भाग 6) : वेळ लिहा, पण तलावही लिहा

शिष्यवृत्तीच्या पैशांचा हिशेब या आठवड्यात मांडायचा होता, तो आता पुढच्या भागात. मागच्या वेळचा नमुना ईमेल वाचून पुण्याच्या एका पालकांनी विचारलं आहे : "मुलीच्या सगळ्या वेळा बालेवाडीच्या 50 मीटर तलावातल्या आहेत. अमेरिकेतल्या कोचना त्या यार्डांत बदलून पाठवायच्या का?" हा प्रश्न बाजूला ठेववत नाही.

उत्तर एका शब्दात : नको.

अमेरिकेत कॉलेजांच्या शर्यती 25 यार्डांच्या तलावात होतात. 25 यार्ड म्हणजे 22.86 मीटर. तिथली 100 यार्डांची शर्यत भरते 91.44 मीटर आणि तिच्यात टर्न तीन. आपल्याकडे 50 मीटर तलावात 100 मीटरला टर्न एकच. लांब पल्ल्यात तर शर्यतीच वेगळ्या. 400 मीटर फ्रीस्टाइलऐवजी 500 यार्ड, 1500 मीटरऐवजी 1650 यार्ड.

मग सरळ एखाद्या आकड्याने भागून का चालत नाही? केलेब ड्रेसेलच्या वेळा बघाव्यात. फ्लोरिडा विद्यापीठाकडून 2018 साली त्याने 100 यार्ड फ्रीस्टाइल 39.90 सेकंदांत मारली, बटरफ्लाय 42.80 सेकंदांत. टोकियो ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची दोन्ही सुवर्णपदकं त्याचीच : फ्रीस्टाइल 47.02, बटरफ्लाय 49.45. फ्रीस्टाइलमध्ये फरक 7.12 सेकंदांचा, बटरफ्लायमध्ये 6.65 चा. एकाच माणसाच्या दोन स्ट्रोकना एक गुणक लागू पडत नाही, तर पुण्यातल्या मुलीला कुठून पडणार? रूपांतराचे तक्ते कोचपाशी असतातच. त्यांना हवी असते निकालपत्रकाशी ताडून बघता येईल अशी मूळ वेळ.

खरी मेख भिंतीपाशी आहे. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर 15 मीटरपर्यंत पाण्याखाली राहायला नियमाची परवानगी आहे. 100 यार्डांत अशा संधी चार, म्हणजे 91.44 पैकी 60 मीटर पाण्याखालून काढता येतात. 50 मीटर तलावात 100 पैकी जेमतेम 30. ज्याची डॉल्फिन किक जबरदस्त आहे, त्याचं निम्मं कसब बालेवाडीच्या वेळेत उतरतच नाही.

म्हणून ईमेलसोबत व्हिडिओ हवा, आणि त्यात स्टार्ट आणि टर्न हवेत. लेनच्या दोरीवर 15 मीटरची खूण वेगळ्या रंगाची असते. तिच्या समोर काठावर उभं राहून, मोबाइल आडवा धरून, भिंतीला पाय लागल्यापासून डोकं वर येईपर्यंतचं सगळं एका दमात टिपावं. पार्श्वसंगीत नको, स्लो मोशन नको. पोहणारा कुठे वर आला, एवढंच कोचला बघायचं असतं.

फ्रान्सचा लिओं मारशाँ मीटरच्या तलावात वाढलेला. त्याने 2020 साली स्वतःहून ईमेल पाठवला तो अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॉब बोमन यांना, म्हणजे थेट मायकेल फेल्प्सच्या कोचना. 2021 मध्ये तो तिथे दाखल झाला. 2023 मध्ये फुकुओकात त्याने 400 मीटर मेडली 4:02.50 मध्ये पोहून फेल्प्सचा 2008 पासूनचा विश्वविक्रम मोडला, आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये चार वैयक्तिक सुवर्णं जिंकली. त्याच्या शर्यतींचे व्हिडिओ मिळतील तिथे बघावेत : भिंत सोडल्यावर बाकीचे वर आलेले असतात, हा अजून खालीच असतो.

पुढच्या भागाआधी वाचकांनी एक काम करून ठेवावं. शर्यत, वेळ, तलावाची लांबी, तारीख आणि स्पर्धेचं नाव असे पाच रकाने आखून पाल्याच्या वेळा भराव्यात. वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रावरची नसून स्टॉपवॉचवरची असेल, तर तसं पुढे लिहावं. शिष्यवृत्तीचा हिशेब याच तक्त्यावरून सुरू होईल.