कॅसिनोचा पैसा आणि वयात येणारी मुलं

गरीब घरातली मुलं जास्त आजारी पडतात, जास्त चिडतात, जास्त खचतात, हे देशोदेशीच्या पाहण्यांत दिसतं. पण गरिबीमुळे मन बिघडतं, की मन बिघडलेलं माणूस गरिबीत ढकललं जातं? याचा निवाडा करायचा तर काही घरांना, त्यांच्या कर्तबगारीशी संबंध नसलेला पैसा द्यावा लागेल आणि पुढे कित्येक वर्षं त्यांची मुलं पाहावी लागतील. इतके पैसे कोण देणार?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात ते एका कॅसिनोने दिले. ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो १९९३ पासून तिथल्या डोंगराळ भागातल्या १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची नोंद ठेवत होत्या. सुरुवातीला ही मुलं ९, ११ आणि १३ वर्षांची होती. सुमारे पाव मुलं मूळ अमेरिकी, मुख्यतः चेरोकी जमातीची. ही नोंद चालू असतानाच जमातीच्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा दर सहा महिन्यांनी जमातीतल्या प्रत्येकाच्या नावे जमा होऊ लागला. ना कामाची अट, ना उत्पन्नाचा दाखला. २००१ पर्यंत तो माणशी वर्षाला सुमारे ६,००० डॉलरवर गेला.

२००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या घरांची गरिबी या पैशाने फिटली, तिथल्या मुलांची भांडखोरी आणि बेशिस्त कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आली. चिंता आणि नैराश्य मात्र हललं नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते कारण. हिशेब मांडल्यावर दिसलं, की मुलगा कुठे आहे, कुणाबरोबर आहे, याकडे पाहायला आईवडिलांना आता सवड मिळत होती. सुधारणेचा बराचसा भाग तिथून आला होता. दोन पाळ्या करून घरी परतणाऱ्या बापाला नेमकी हीच सवड नसते, आणि आपण त्याला बेफिकीर म्हणून मोकळे होतो.

शरीराचं गणित उलटंच निघालं. २०१३ च्या विश्लेषणात, आधी सर्वांत गरीब असलेल्या घरांतल्या मुलांचं वजन पैसा आल्यावर उंचीच्या मानाने वाढलेलं आढळलं. सुस्थितीतल्या घरांत तसं झालं नाही.

वयाचाही प्रश्न होताच. पैसा सुरू झाला तेव्हा जेमतेम बारा वर्षांची असलेली चेरोकी मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यात मानसिक विकार, विशेषतः दारू आणि गांजाचं व्यसन, जमातीतल्या थोड्या मोठ्या मुलांपेक्षा कमी होतं. त्या मोठ्या मुलांनाही वाटा मिळत होता, फक्त आईवडिलांच्या घरात राहून तो मिळण्याची वर्षं त्यांच्याकडे कमी उरली होती.