घरचा सॉफ्टनर: मीठ वेळेवर टाका, पण त्याचं पाणी झाडाला देऊ नका



मागच्या आठवड्यात एका सभासदांनी फोटो पाठवला. "लिंबाला करपा आलाय, औषध सांगा." पानांचे शेंडे आणि कडा जळालेल्या होत्या. जाऊन बघितलं तर रोग नव्हताच. घरच्या सॉफ्टनरचा पाइप थेट लिंबाच्या आळ्यात सोडला होता. म्हणून आजचा मेसेज.

*सॉफ्टनर करतो काय?*
बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. त्यामुळे गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. सॉफ्टनरमधले रेझिनचे मणी हे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. म्हणजे क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात. टीडीएस मीटरवर आकडा जवळपास तोच दिसला तर मशीन बिघडलं असं समजू नका.

*किती दिवसांनी धुवायचं?*
१ लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. २५ लिटरचं मशीन असेल तर १२५० ग्रॅम. तुमच्या पाण्याचा जडपणा ५०० पीपीएम असेल तर १ लिटरमध्ये अर्धा ग्रॅम, म्हणजे २५०० लिटर पाण्यानंतर मशीन भरलं. रोज ५०० लिटर वापर असेल तर पाचव्या दिवशी! आपल्याकडे बरेच जण महिन्यातून एकदा धुतात, मग म्हणतात मशीन चालत नाही.

*देखभाल*
१) प्रत्येक धुण्याला १ लिटर रेझिनमागे १०० ते १५० ग्रॅम मीठ लागतं. खडे मीठ स्वच्छ असावं. मातीचं मीठ स्वस्त पडतं, पण टाकीत गाळ बसतो.
२) मिठाच्या टाकीत काठी घालून बघा. वर मिठाची खपली धरून खाली पोकळ राहिलं असेल तर हलक्या हाताने फोडा.
३) मशीनच्या आधीचा गाळ फिल्टर वेळेवर धुवा. पाणी तांबूस असेल तर आधी लोहाचा फिल्टर बसवा. लोहाने रेझिन कायमचं खराब होऊ शकतं.
४) दर आठवड्याला बाटलीत थोडं पाणी आणि साध्या साबणाचे चार थेंब टाकून हलवा. फेस न येता पाणी गढूळ झालं तर धुण्याची वेळ झाली.
५) उन्हाळ्यात बोअर खोल गेलं की जडपणा बदलू शकतो. पुन्हा तपासून हिशोब करा.

*सगळ्यात महत्त्वाचं*
मशीन धुतलेलं मिठाचं पाणी झाडाच्या आळ्यात, परसबागेत, गांडूळखतात किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नका. ते विहीर, बोअर आणि बांधापासून लांब, बंद गटारात जाऊ द्या.

सॉफ्टनरचं तयार पाणीसुद्धा ठिबकला रोज देऊ नका. ५०० पीपीएमचं जड पाणी मऊ केलं की लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. काळ्या जमिनीत सोडियम साठलं की माती चोपण होते, पाणी मुरत नाही, आणि ती सुधारायला वर्षं जातात. ठिबकमधल्या क्षारासाठी ॲसिड प्रक्रिया आहे, सॉफ्टनर नाही. फवारणीपुरतं हे पाणी चालतं, सामू मात्र तपासा. लक्षात ठेवा: फवारणीला हो, मुळाला नाही.

बागेचा आणि जनावरांच्या हौदाचा नळ सॉफ्टनरच्या आधीच काढा. मीठही वाचेल. घरात रक्तदाबाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर हे पाणी पिण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जडपणा माहीत नसेल तर स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर पाणी घेऊन ऑफिसला या. आणि आज घरी गेल्यावर एवढंच बघा, सॉफ्टनरचा पाइप कुठे सोडलाय.

आपला,
कृषी सल्लागार