घेतले १४४, चालतात ६०

लेखमाला : पडद्याच्या आत – लेखांक ७

गेल्या दिवाळीत भाच्याने शिकवण्यांचे पैसे साठवून मॉनिटर घेतला. सत्तावीस इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा, खोक्यावर ठसठशीत '१४४ हर्ट्झ'. मार्चमध्ये मी त्याच्याकडे गेलो तेव्हा म्हणाला, "मामा, एवढे पैसे घातले, पण जुन्या मॉनिटरपेक्षा फरक काहीच कळत नाही रे." मी माउस हातात घेतला आणि पडद्यावर भराभर गोल फिरवला. बाण सलग सरकत नव्हता, अंतराअंतरावर उमटत होता. चार-पाच महिने तो मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालला होता.

असे मॉनिटर मी बऱ्याच घरांत पाहिले आहेत. पैसे मोजलेले असतात, यंत्र चांगलं असतं, आणि फक्त कुणी सांगितलं नाही म्हणून ते अर्ध्या वेगानेसुद्धा चालत नाही. मला याची फार हळहळ वाटते, म्हणून आजचा लेख या एकाच कामासाठी.

हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र काढतो तो आकडा. ६० वर दोन चित्रांत १६.७ मिलिसेकंद जातात, १४४ वर ६.९. हे आकडे डोळ्यांपुढे आणायचे तर बाणाकडेच पाहा. भाच्याचा पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद. बाण अर्ध्या सेकंदात या कडेपासून त्या कडेला नेला, तर ६० हर्ट्झवर तो ३० ठिकाणी दिसतो, म्हणजे दर दोन सेंटिमीटरला एकदा. १४४ वर तोच बाण ७२ ठिकाणी दिसतो आणि अंतर एक सेंटिमीटरहूनही कमी होतं. खेळात कोपऱ्यावरून धावत येणारा शत्रू असाच तुटक किंवा सलग दिसतो. माझ्या मते खरा फायदा या पहिल्या उडीत आहे. १४४ वरून २४० ला गेलात तर आणखी जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद वाचतात. त्यासाठी पैसे घालण्याआधी चार वेळा विचार करावा.

मग मॉनिटर ६० वर का अडकतो? जोडणी होताच मॉनिटर संगणकाला एक छोटं ओळखपत्र पाठवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा. मला कोणकोणते आकार झेपतात, कोणते वेग झेपतात, हे त्यात लिहिलेलं असतं. पण सगळ्यात वर 'पसंती' म्हणून बहुतेक वेळा ६० हर्ट्झच असतो, कारण तो कुठल्याही संगणकावर चालतो. विंडोज ती पसंती मान्य करून मोकळं होतं. पुढचं आपण मागितल्याशिवाय मिळत नाही.

आता तारेकडे. २५६० बाय १४४० चं चित्र सेकंदाला १४४ वेळा पाठवायचं तर नुसत्या पिक्सेलचीच माहिती पावणेतेरा गिगाबिट होते. एचडीएमआय १.४ मधून कामाची माहिती जाते सव्वाआठ गिगाबिटच्याही आत, डिस्प्लेपोर्ट १.२ मधून सतरा गिगाबिटच्या वर. भाच्याच्या मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट १.४ चं होतं आणि त्यात त्याने सेट टॉप बॉक्सची जुनी केबल खोचली होती. यादीत ७५ च्या पुढे आकडाच नव्हता. डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ न सोडता तशीच पडलेली!

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. एचडीएमआयच्या २.० पर्यंतच्या पद्धतीत केबल स्वतःबद्दल काहीच बोलत नाही. पोर्ट दोन्हीकडे चांगली असली की यादीत मोठा आकडा दिसतो, आपण तो निवडतो, आणि केबल निकृष्ट असेल तर पडदा काळा होतो किंवा ठिपके चमकतात. डिस्प्लेपोर्ट जोडणीच्या वेळी तार तपासून घेतो आणि तिला झेपेल तोच वेग धरतो. म्हणून दोन्ही सोयी असतील तर मी डिस्प्लेपोर्टच लावतो.

टेबल पुढे ओढून आम्ही मागे वाकलो. इथे एक चूक फार होते : केबल वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये जाते आणि महागडं ग्राफिक्स कार्ड खाली रिकामं बसतं. कार्डाची पोर्ट आडवी, खालच्या बाजूला असतात. डिस्प्लेपोर्ट बसताना टक् असा बारीक आवाज येतो. बऱ्याच केबलना खिट्टी असते, काढताना ती दाबूनच काढायची, हिसका द्यायचा नाही.

केबल बदलली तरी आकडा ६० च. मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. दोन मॉनिटर असतील तर आधी वरून योग्य तो निवडायचा. रिफ्रेश रेटच्या यादीत आता १४४ होता. एखाद्या आकड्यापुढे फुली असेल तर तो निवडल्यावर चित्राचा आकारही बदलतो, हे ध्यानात ठेवा. पडदा काळा झाला तर घाबरून काही दाबू नका. होकार दिला नाही की काही सेकंदांत विंडोज आपोआप मागच्या आकड्यावर येतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आकारांचे दोन गट दिसतात, टीव्हीचे वर आणि 'पीसी' खाली. वरच्या गटात ६० च सापडतो म्हणून लोक निराश होतात. खाली सरकून पाहा.

खेळाच्या सेटिंगमध्येही वेगळी फ्रेमची मर्यादा असू शकते, ती उठवा. कार्ड सेकंदाला ७० च फ्रेम काढत असेल तर पडदा त्याला वाढवून देणार नाही. फ्रेम कमीजास्त होताना मॉनिटरने त्यांच्या तालावर कसं चालायचं, तो विषय पुढच्या आठवड्यात.

भाच्याने १४४ वर होकार दिला आणि खेळ न उघडता नुसता माउसच फिरवत बसला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, काल ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला आणि परत साठ झालं होतं. बाण बघूनच कळलं." सेटिंग त्याने फोन करायच्या आधीच बदललं होतं.