फिरता फवारा रुसला तर…

जयपूरमध्ये मे महिन्यात लॉन पिवळं पडलं की पहिला आरोप माळ्यावर येतो. आमच्या सोसायटीतही तेच झालं. हिरवळीच्या मधोमध कलिंगडाच्या फोडीसारखा वाळका तुकडा दिसायला लागला आणि कमिटीत ठरलं, माळी पाणी देत नाही, त्याला बदला. शिवाय स्प्रिंकलर जुने झालेत, १४ च्या १४ नवे बसवा. माळीबुवा एवढंच म्हणाले, "दीदी, पानी तो रोज दे रहा हूँ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्यांच्यासोबत उभी राहिले. पाणी खरंच येत होतं. पण एक फवारा फिरतच नव्हता. दुसरा निम्मा वेळ कंपाउंडच्या भिंतीला आंघोळ घालत होता. तिसरा गवत कापायच्या मशीनचा धक्का लागून कलला होता आणि बुडाशी गळत होता. बाकीचे ११ ठणठणीत!

तुमच्याकडेही फिरता फवारा असेल, तर नवा आणण्याआधी तासभर वेळ काढा. जयपूरला पाऊस वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. मुंबईत २००० च्या वर पडतो. जिथे १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती झाल्या, ते शहराला पाणी पाजणारं रामगढ धरण पुढे कोरडं पडलं. आता नळाला येतं ते मुख्यतः बीसलपूर धरणाचं पाणी, सुमारे १२० किलोमीटरवरून. एवढा प्रवास करून आलेलं पाणी भिंतीवर मारायचं?

आधी आपला फवारा कोणत्या जातीचा ते बघा. टकटक आवाज करत फिरणारा तुम्ही गावाकडे कांद्याच्या किंवा भुईमुगाच्या शेतात पाहिला असेल. आपण त्याला तुषार सिंचन म्हणतो. ही युक्ती १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या बागाईतदाराला सुचली. पाण्याची धार स्प्रिंग लावलेल्या हातावर आदळते, हात बाजूला फेकला जातो, स्प्रिंग त्याला परत ओढते आणि परतताना तो ठोका देऊन फवाऱ्याला जरासं पुढे सरकवतो. दुसरी जात म्हणजे पॉप-अप. हा जमिनीत लपलेला असतो, पाणी सुरू झालं की डोकं वर काढतो आणि आतल्या गिअरवर गुपचूप फिरतो.

फिरत नसेल तर पहिला संशय दाबावर घ्या. दोन्ही जातींना साधारण दोन ते तीन किलो दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी १० मीटर उंचीवरून आलं तर जेमतेम एक किलो दाब मिळतो, म्हणजे दुमजली घरात त्याहूनही कमी. टाकीवर चालवायला महागडे फवारे आणून मग दुकानदाराशी भांडणारे मी पाहिले आहेत. दुकानदाराची चूक नसते! पंप लावा, किंवा कमी दाबावर चालणारे साधे तीन हातांचे फिरते फवारे घ्या. पंप असूनही धार मरतुकडी असेल, तर एका वेळी चालणाऱ्या फवाऱ्यांची संख्या कमी करून बघा.

दुसरा संशय रेतीवर. इथे तीच जास्त वेळा सापडते. पाणी बंद करा, पॉप-अपचं झाकण घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून उघडा आणि आतला भाग अलगद वर काढा. बुडाशी छोटी जाळी असते. आमची जाळी काढली तर चमचाभर रेती निघाली. जुन्या टूथब्रशने ती साफ केली, रिकाम्या डब्यातून मिनिटभर पाणी वाहू दिलं आणि सगळं परत बसवलं. फवारा फिरायला लागला. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर बसला असेल, तर नोझल आणि जाळी दोन-तीन तास पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवा. नोझलमध्ये तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि धारेचा अंदाज चुकतो. तेल तर मुळीच नको. त्याला रेती आणखी चिकटते. साफ करूनही पॉप-अप अडत असेल तर गिअर गेला समजा. जोर लावून फिरवू नका, बदलाच.

भिंत भिजत असेल तर मात्र बिघाड नसतो, फक्त कोन चुकलेला असतो. टकटक फवाऱ्याच्या मानेवर तारेच्या दोन कड्या असतात. त्यांच्यामधल्या भागातच तो फिरतो, म्हणून त्या हव्या तिथे सरकवायच्या. खटका वर उचलून ठेवला की तो गोल गोल फिरतो. पॉप-अपमध्ये बहुधा एक हद्द पक्की असते आणि दुसरी किल्लीने कमी-जास्त होते. हे काम पाणी चालू ठेवूनच जमतं, तेव्हा जुने कपडे घाला. मुलांना बोलवा, त्यांना भिजायला निमित्तच हवं असतं.

एक गोष्ट प्लंबरही विसरतात. भिंतीलगतचा अर्धवर्तुळ फिरणारा फवारा त्याच जागेवरून दुप्पट वेळा जातो. त्यात पूर्ण फिरणाऱ्याएवढंच नोझल बसवलं तर तिथे दुप्पट पाणी पडतं. तिथे निम्म्या प्रवाहाचं नोझल हवं, कोपऱ्यात पाव प्रवाहाचं.

तुटलेला फवारा बदलताना भोवतीचं गवत मुळासकट वीतभर कापून प्लास्टिकवर ठेवा. माती पाइपात पडू देऊ नका. जुना फवारा सोबत घेऊनच दुकानात जा, अर्धा की पाऊण इंची आटे आहेत ते तिथेच जुळवता येतं. नवा जोडण्याआधी पाइपातून पाणी सोडून कचरा काढा, आटे बाहेर असतील तर त्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि फवारा सरळ, जमिनीच्या पातळीला बसवा. उंच राहिला तर मशीन त्याला पुन्हा उडवणार.

शेवटी सरळ भिंतींचे सारखे सात-आठ डबे लॉनवर पसरून ठेवा, १५ मिनिटं फवारे चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. १०० चौरस मीटरवर पाच मिलिमीटर पडलं तर ५०० लिटर गेलं. एका डब्यात दोन आणि दुसऱ्यात आठ मिलिमीटर निघालं, तर कोणता फवारा बघायचा ते आपोआप कळतं. हे सगळं पहाटे करा. दुपारच्या लू मध्ये पाणी गवतापर्यंत पोचण्याआधीच उडतं.

आमच्याकडे १४ ऐवजी एकच नवा फवारा आणावा लागला. वाळका तुकडा हिरवा व्हायला तीन आठवडे लागले. माळीबुवा अजून आमच्याकडेच आहेत आणि आता त्यांच्या खिशात एक जुना टूथब्रश असतो.