अंडी लपतात की पाखरू?

छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या खडकाळ माळांवर मी टिटवी आणि रातवा यांची वीण पाहत आलो आहे. दोघांचीही अंडी उघड्या जमिनीवरच. टिटवी माणूस दूर असतानाच उठते, घिरट्या घालत ओरडते. मागे उरतात मातकट, काळ्या डागांची चार अंडी. रातवा मात्र पाऊल अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही. वाळल्या पाल्यासारखी त्याची पिसेच अंडी झाकतात. झांबियातल्या पक्ष्यांवरचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हाच हिशेब मांडतो: रातव्यांची वीण वाचते ती पिसांची नक्षी जमिनीशी जुळली तर, टिटवीच्या कुळात मात्र अंड्यांवरचा उजळ-गडद छटांचा फरक भोवतालाशी जुळावा लागतो. मुंगसाला चकवणारी ही अंडी प्लॉट सपाट करणाऱ्या जेसीबीवाल्यालाही चकवतात. टिटवी ओरडत असेल, तर यंत्र थांबवून आधी जमीन पायी फिरून पाहावी.