आसनाचें माप

गेल्या अक्षय्य तृतीयेस आमच्या नांदेडच्या घरांत एक नवीन सोफा आला. चिरंजीव हैदराबादेस नोकरीस असतात. त्यांनीं व पुतण्यानें मिळून येथल्याच एका दुकानांतून तो आणविला. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणें तो 'स्कँडिनेव्हियन' धाटणीचा होता. म्हणजे बुटका, पसरट, फिकट लांकडाच्या निमुळत्या पायांचा आणि राखी अभ्र्यांचा. मुलांस तो आवडला, सुनांस आवडला, आणि खरें सांगावयाचें तर प्रथमदर्शनीं आम्हांसही आवडला.

आमच्या घरीं चुली अद्याप वेगळ्या झालेल्या नाहींत. नित्याचीं तेरा पानें मांडावीं लागतात. घरांत वडीलपणाचा मान आमच्या वहिनींचा. त्यांचें वय ८१. अर्थात् नव्या सोफ्यावर प्रथम त्यांसच आग्रहानें बसविलें. बसल्या त्या बसल्याच! कंबर गादींत खोल गेली, गुडघे छातीशीं आले, आणि उठावयास धरावें तर हातापाशीं कांहींच नाहीं. अखेर दोघी सुनांनीं दोन्ही बाजूंनीं धरून त्यांस उठविलें. वहिनी फारशा बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, ही वस्तु बसावयाची कीं पडावयाची?" आणि त्या दिवसापासून त्या पूर्ववत् भुईवर सतरंजी घालून, भिंतीला टेकून बसूं लागल्या. गुडघ्यांसाठीं भुईवर बसूं नये असें डॉक्टरांनीं बजावलें असतांही!

आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. घरांतील सामानसुमान हा आमचा विषय नव्हे. परंतु वहिनींचा प्रश्न मनांत राहिला, आणि निवृत्त मनुष्यास वेळ पुष्कळ. ज्या देशांच्या नांवावर हा सोफा विकला गेला, त्या देशांत तरी वृद्ध माणसें कशीं बसतात हें पाहावें म्हणून आम्हीं थोडें वाचन केलें.

स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे हे ते देश. फिनलंड भूगोलाच्या दृष्टीनें निराळा, पण ह्या विषयांत त्यांच्याच पंक्तीस बसतो. स्टॉकहोम येथें डिसेंबरांत दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. बाहेर बर्फ आणि अंधार. सारें जीवन घरांत. म्हणून भिंती पांढऱ्या, लांकूड फिकट आणि पडदे पातळ. जो काय प्रकाश येईल तो वायां जाऊं नये. आमच्या मराठवाड्यांत वैशाखांत पारा ४२ अंशांच्या वर चढतो. आमचे पूर्वज प्रकाशाला घरांत बोलावीत नसत, बाहेर थोपवीत असत. जाड भिंती, लहान खिडक्या, छताला एक झरोका, आणि भर दुपारीं माजघरांत गार काळोख. तेव्हां त्यांचा फिकट रंग आपण उचलला तर तो केवळ रंगच उचलला. त्यामागचें कारण तिकडेच राहिलें.

पण रंग हा वरवरचा भाग झाला. आम्हांस ज्याचें आश्चर्य वाटलें तें निराळेंच. स्वीडनांत सुंडबोर्न नांवाच्या खेड्यांत चित्रकार कार्ल लार्सन व त्यांची पत्नी कारिन राहत. कार्ल ह्यांनीं आपल्या घराचीं चित्रें १८९९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं आणि तें घर देशभर ठाऊक झालें. परंतु त्या चित्रांतील पडदे, आच्छादनें व उशांचे अभ्रे हे बहुतेक कारिनबाईंनीं स्वतः विणलेले किंवा भरलेले. कित्येक लांकडी वस्तूही त्यांनींच योजून गांवच्या सुताराकडून करवून घेतलेल्या. घर मुलाबाळांनीं भरलेलें. त्या मुलांस जें लागेल तें त्यांनीं केलें. पुढें १९१७ सालीं स्टॉकहोमला एक प्रदर्शन भरलें, त्यांत कामगारांच्या एका खोलीच्या व स्वयंपाकघराच्या बिऱ्हाडांत सामान कसें असावें हें प्रत्यक्ष मांडून दाखविलें होतें. आणि १९४४ सालीं त्यांनीं गृहकृत्याच्या संशोधनासाठीं चक्क एक संस्था काढली. ओटा किती उंच असला म्हणजे बाईची पाठ दुखणार नाहीं, भांडीं कोठें ठेवलीं म्हणजे हेलपाटे वांचतील, ह्याचीं मापें शास्त्रज्ञांप्रमाणें घेतलीं. आमच्या घरच्या ओट्याची उंची गवंड्यानें ठरविली; तो स्वतः पावणेसहा फूट होता.

डेन्मार्कांतील कोरे क्लिंट (१८८८–१९५४) ह्यांची हकीकत तर आम्हीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविली. १९२४ सालापासून कोपनहेगनच्या कलाशाळेंत ते लांकडी सामानाचा विषय शिकवीत. कपाट काढावयाचें तर ते प्रथम विद्यार्थ्यांस त्यांत राहणाऱ्या वस्तूंचीं मापें घ्यावयास लावीत. घरांत ताटल्या किती, घडी घातलेला सदरा किती रुंद, पेल्याची उंची काय. मग कपाटाची फळी. खुर्चीचें माप माणसाच्या देहावरून. त्यांचे शिष्य ब्यॉर्गे मोगेन्सेन ह्यांनीं १९४७ सालीं डेन्मार्कच्या सहकारी ग्राहक संघासाठीं एक साधी खुर्ची योजली. साधीं लांकडें, आणि बैठक पिळलेल्या कागदी दोरीनें विणलेली. सामान्य कुटुंबास परवडावी हाच तिचा हेतु. तिचें चित्र पाहून वहिनी म्हणाल्या, "ही तर आपली बाज."

येथें आम्हांस आमच्या विषयाकडे थोडें वळूं द्यावें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत शय्या व आसन ह्यांवर एक अध्यायच आहे. तूस काढलेले आठ यव पोटाला पोट लावून ठेवले म्हणजे एक अंगुल. अशा १०० अंगुलांची शय्या राजाची, ९० ची राजपुत्राची, ८४ ची मंत्र्याची, ७८ ची सेनापतीची आणि ७२ ची पुरोहिताची. (पुरोहित सर्वांत शेवटीं, हें आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावें.) शुभ लांकडांच्या यादींत शाक म्हणजे साग आणि शिंशपा म्हणजे शिसव हीं आहेत. म्हणजे मापाचें ज्ञान आपल्याकडे नव्हतें असें नाहीं. उलट तें यवापर्यंत सूक्ष्म होतें. फक्त तें माप अधिकारावरून ठरे. राजा ठेंगणा असला तरी त्याची शय्या १०० अंगुलांचीच! क्लिंटसाहेबांनीं मनुष्याचा अधिकार विचारला नाहीं, गुडघ्याची उंची विचारली.

मागें हैदराबादेस गेलों असतां चिरंजिवांनीं आम्हांस आयकियाच्या विशाल दुकानांत नेलें. स्वीडनच्या ह्या कंपनीचें भारतांतील पहिलें दुकान तेथें ९ ऑगस्ट २०१८ रोजीं उघडलें, आणि नांदेड-लातूरकडील पुष्कळ मंडळी मुलांकडे गेलीं म्हणजे तें पाहून येतात. इंगवार कांप्राड ह्यांनीं १९४३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं ही कंपनी काढली. तिच्या नांवांतील पहिलीं दोन अक्षरें त्यांच्या नांवा-आडनांवाचीं, तिसरें त्यांच्या शेताचें व चौथें गांवाचें. नांव, कुळ, शेत, गांव. संकल्पांतला उच्चारच म्हणावयाचा! आम्ही खिशांत शिंप्याची फीत घेऊन गेलों होतों. चिरंजिवांस संकोच वाटला, पण आम्हीं सोडलें नाहीं. तेथें बुटक्या आसनांप्रमाणें उंच व हातांच्या खुर्च्याही होत्या. दोष देशाचा नव्हता. दोष आमचा, आम्हीं वहिनींचें माप घेतलेंच नव्हतें.

आतां वहिनी भुईवरच कां बसतात, हें सांगितलें पाहिजे. त्यांचें माहेर लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांत, किल्लारीच्या परिसरांतील एका खेड्यांत. घर दहा खणांचें, सागवानी खांबांवर माळवद. अशा घरांत खुर्ची-कपाटाची गरजच नसे, कारण सामान भिंतींत असे. दिव्याला दिवळी, पोथीला कोनाडा, भांड्यांस फडताळ, धान्यास बळद, पागोट्यास खुंटी. बसावयास ओसरीवर सतरंजी व लोड. निजावयास बाज, ती सकाळीं उचलून उभी केली कीं तीच ओसरी मोकळी. वीस माणसांच्या घराचें सगळें 'फर्निचर' दोन माणसें सहज हलवूं शकत. पण त्या भिंती दगडाच्या, मातींत रचलेल्या, आणि माथ्यावर हात-हात जाडीची माती. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जन करून लोक निजले असतां पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं धरणी हालली. आठ हजारांच्या आसपास माणसें गेलीं. वहिनींच्या मातोश्री त्यांत गेल्या.

ज्या घरांत छत खांबांवर नीट तोललेलें होतें, तेथें कित्येक ठिकाणीं भिंती ढासळल्या तरी खांब उभे राहिले. वहिनींच्या माहेरींही तसेंच झालें. कोनाडे ज्या भिंतींत होते त्या भिंतीच अंगावर आल्या. खांब जागच्या जागीं. पुढें सरकारनें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. घरें जमिनीच्या मानानें मिळालीं: २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. निवाऱ्याची तांतड होती आणि तीं घरें भक्कम आहेत. त्याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु जमीन किती हें पाहिलें, माणसें किती हें पाहावयास सवड नव्हती. वहिनींच्या भावाच्या वांट्यास ४५० फूट आले. पातळ भिंती, त्यांत दिवळी नाहीं कीं कोनाडा नाहीं. जुने खांब ठेवावयास जागा नाहीं, म्हणून त्यांनीं चार खांब नांदेडास आमच्याकडे पाठविले. ते तीस वर्षें परसांत पत्र्याखालीं पडून होते. आम्हीं दाराला वापरूं म्हटलें, फडताळाला वापरूं म्हटलें. वहिनी "राहूं द्या" म्हणत, आणि विषय तेथेंच संपे.

ह्या पावसाळ्यांत मिस्त्रींस बोलावून सोफ्याखालीं ठोकळे देतां येतील काय, असें विचारलें. ते म्हणाले, "गुरुजी, पाय उंच होतील, गादी खालींच जाईल." मग आम्हीं क्लिंटसाहेबांचें स्मरण करून फीत काढली. वहिनींच्या गुडघ्यापासून टांचेपर्यंत १६ इंच; पाठीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत १७. सोफा बसल्यावर १२ इंचांवर येई आणि खोली त्याची २५! पाठ टेकावी तर पाय अधांतरीं, पाय टेकावे तर पाठ अधांतरीं. मिस्त्रींनीं हिशेब केला: बैठक १७ इंच उंच, १६ इंच खोल, दोन्ही बाजूंस पकडावयास गोल केलेले हात, आणि शेजारीं नातवंड मावेल इतकी रुंदी. लांकूड किनवटकडचें साग आणावें काय, असें ते विचारीत होते. तेव्हां ओसरीवरून वहिनी म्हणाल्या, "माहेरचे खांब आहेत कीं."

घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. मिस्त्री खांब पाहावयास गेले.

बैठक सुती नवारीची विणली. अभ्र्यांसाठीं सुनांनीं खादी निवडली. नांदेडचें तलम कापड एके काळीं नांवाजलेलें होतें. आजही मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिति येथें आहे, आणि तिच्या उदगीर येथल्या केंद्रांत राष्ट्रध्वजाचें कापड विणलें जातें. ध्वज आपण माथ्यावर मिरवितों, आणि पडद्यांस व अभ्र्यांस मात्र प्लॅस्टिकचा धागा पैदा करतों! वैशाखांत त्यावर बसून घामाघूम व्हावें हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं. पाठीशीं वहिनींचीच जुनी वाकळ घडी करून टाकली आहे. स्वीडनांतही बायका फाटक्या वस्त्रांच्या पट्ट्या काढून मागावर सतरंज्या विणीत व अजून विणतात. तिकडे त्या मानानें दिवाणखान्यांत अंथरतात. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं तें वाचलें, आणि माळ्यावरच्या तीन वाकळा खालीं आल्या.

सोफा माडीवर मुलांकडे गेला. क्रिकेटचे सामने पाहावयास तो उत्तम आहे.

एका खांबास तुळई बसविण्याकरितां पाडलेली चौकोनी खांच होती. ती नेमकी उजव्या हाताच्या खाली, पुढच्या पायांत आली. मिस्त्री तीत लांकूड भरून रंधा मारणार होते. वहिनींनीं भरूं दिली नाहीं. आतां त्या तीत चष्म्याची डबी आणि जपाची माळ ठेवतात.