सत्तर घरांचें पत्र

काटोल हें नागपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. नागपूर-इटारसी लोहमार्गावर तें वसलेलें असून संत्र्यांमुळें त्याचें नांव दूरवर पोंचलें आहे. संत्र्यांप्रमाणेंच येथील मुलेंहि शिकून-सवरून बाहेर पडतात. कोणी नागपुरास, कोणी पुण्यास, कोणी समुद्रापलीकडे. अशा घरांतून पूर्वीं पत्राची वाट पाहणें हा नित्यक्रम असे. पत्र आलें म्हणजे तें एकानें मोठ्यानें वाचावें, आजीनें माजघरांतून ऐकावें, आणि त्यांतील नमस्कार-आशीर्वाद ज्याचे त्यास पोंचते करावे, अशी रीत होती. मोबाईलनें ही रीत कशी पालटली आणि त्यांत आपल्या लिपीची काय गत झाली, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

मोबाईलवरील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत धाडला गेला. नाताळच्या शुभेच्छांचे ते दोनच शब्द होते. परंतु संदेश किती लांब असावा हें त्यापूर्वींच ठरून गेलें होतें. फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्यांनीं १९८५ च्या सुमारास टंकलेखन-यंत्रावर निरनिराळीं वाक्यें लिहून त्यांतील अक्षरें मोजलीं, आणि १६० अक्षरांत माणसाचें बहुतेक म्हणणें मावतें असा निर्णय दिला. पोस्टकार्डावरील मजकूर बहुधा इतकाच असतो, हेंहि त्यांच्या मतास पोषक ठरलें. हिशेब चोख होता. मात्र मोजलेली लिपि रोमन होती.

देवनागरीस हा हिशेब कसा जाचला, तें थोडक्यांत सांगतों. एका संदेशाच्या वाट्यास यंत्रांत ११२० सूक्ष्म खुणा येतात. रोमन अक्षरास अशा सात खुणा पुरतात, म्हणून १६० घरें मिळतात. देवनागरीस सोळा लागतात, म्हणून घरें अवघीं ७०. त्यांतहि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरांतील पाय मोडण्याची खूण, यांतील प्रत्येकास स्वतंत्र घर द्यावें लागतें. ‘तीर्थस्वरूप’ हा शब्द आपल्या डोळ्यांस पांच अक्षरांचा दिसतो. यंत्रांत तो अकरा घरें अडवितो. ‘तीर्थस्वरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ एवढा मायना झाला कीं ४८ घरें खर्चीं पडलीं. पुढें ‘गाडी वेळेवर आली’ इतकें लिहिलें तर शिल्लक राहतात सहा! एकाहत्तरावें घर लागलें कीं संदेशाचे दोन तुकडे पडत आणि पैसेहि दुप्पट मोजावे लागत.

खरें पाहतां या अडचणीवरील तोड आपल्या वडीलमंडळींस आधींच ठाऊक होती. ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’ असें लिहिलें म्हणजे तोच मायना २५ घरांत बसतो. पोस्टकार्डाच्या इवल्याशा जागेनें त्यांस संक्षेप शिकविला होता, आणि शब्दागणिक दाम घेणाऱ्या तारेनें काटकसर. ती तार १४ जुलै २०१३ च्या रात्रीं आपल्या देशांतून कायमची गेली.

मग मुलांनीं हा जुना संक्षेप कां उचलला नाहीं? कारण दुसरी अडचण त्याहून मोठी होती. १९९४ सालीं अमेरिकेंत आयबीएम कंपनीचा ‘सायमन’ विक्रीस आला. बोलण्याखेरीज दिनदर्शिका व ई-मेल हींहि त्यांत होतीं. आपल्याकडे २००३ च्या ‘नोकिया ६६००’ नें खिशांत छायाचित्रें काढण्याचें यंत्र आणून दिलें. २००८ पासून अँड्रॉइड यंत्रें निघूं लागलीं. परंतु २०११ च्या अखेरीस आलेल्या ४.० या आवृत्तीपूर्वींच्या पुष्कळ अँड्रॉइड यंत्रांवर मराठी मजकुराच्या जागीं नुसत्या रिकाम्या चौकोनांची रांग दिसे. छायाचित्र घेणारें, गजर देणारें, हिशेब करणारें तें चतुर यंत्र ‘आई’ एवढा शब्द दाखवूं शकत नसे! तेव्हां मुलें मराठीच रोमन अक्षरांत लिहूं लागलीं.

या तडजोडीस आम्ही सर्वस्वीं दोष देत नाहीं. तिनें पैसे वांचले आणि लेकरांची ख्यालीखुशाली घरीं कळत राहिली. पण किंमत कोणी दिली, तेंहि पाहिलें पाहिजे. रोमन लिपींत ‘ळ’ नाहीं. ‘ट’ आणि ‘त’ यांत भेद नाहीं. ‘मला’, ‘मळा’, ‘माला’ आणि ‘माळा’ हे चारहि शब्द तेथें एकाच वेषांत येतात. ‘काल’ कोणता आणि ‘काळ’ कोणता, हें संदर्भावरून ताडावें लागतें. खुद्द काटोलचें नांवहि ‘कातोल’ वाचतां येतें. सरावलेल्या तरुणास हें सहज उमगे. परंतु जी आजी चातुर्मासांत पोथी घडाघडा वाची, तिला नातवाची एक ओळ वाचतां येईना. निरक्षर नसतांना ती आपल्याच घरांत निरक्षर ठरली.

ज्या सोयींस अक्षरांची गरज नव्हती, त्या वडील माणसांनीं चटकन् आपल्याशा केल्या, हें येथें ध्यानांत घ्यावें. पहांटेचा गजर, वीज गेल्यावर लागणारा उजेड आणि मिस्ड कॉल! गाडींतून उतरल्यावर दोनदां घंटा वाजवून बंद केली कीं घरचे समजत, ‘पोंचला.’ अर्थात् अडाणी यंत्राची भीति हें कारण नव्हतें. लिपि आड येत होती.

आतां ती सबब उरलेली नाहीं. २००९ सालीं निघालेल्या व्हॉट्सअ‍ॅपनें सत्तर घरांचा जाच संपविला. मराठी कळफलक यंत्रांतच मिळतो. बोललेलें उतरवून घेणारीहि सोय आहे. केंद्र सरकारनें २०१३ सालीं सुरू केलेल्या एम-किसान सेवेनें शेतकऱ्यांस त्यांच्या भाषेंत संदेश पाठविण्याची योजना केली. आंबिया बहाराची काळजी वाहणाऱ्या बागाईतदारास सल्ला त्याच्या लिपींत मिळावा, तर मग नातवाचा नमस्कार आजीस तिच्या लिपींत कां मिळूं नये? अडचण गेली, संवय तेवढी मागें राहिली आहे.

आणखी एक गोष्ट. जुनीं पत्रें ट्रंकेंत राहिलीं. प्रारंभींच्या मोबाईलांत मात्र थोडेच संदेश मावत. नव्यास जागा हवी म्हणून जुने पुसावे लागत. शिवाय पत्र घराच्या पत्त्यावर येई, संदेश एकाच्या खिशांत येतो. म्हणून आमची सूचना साधी आहे. बाहेरगांवच्या मुलांनीं घरच्या वडील माणसांस देवनागरींतच लिहावें. आणि ज्याच्या हातांत यंत्र असेल त्यानें सायंकाळीं दिवेलागणीनंतर तो संदेश सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावा. त्यास चार क्षणांहून अधिक वेळ लागत नाहीं, आणि माजघरांतील माणसासहि आपली आठवण काढली गेल्याचें कळतें.